टाकीतले शेवाळ आणि विहिरीतले नायट्रेट

नव्या टाकीतले मासे आठ-दहा दिवसांत मरू लागले की दोष दुकानदाराला दिला जातो, पाण्याला दिला जातो, काही घरांत पाहुण्यांच्या नजरेलाही दिला जातो. (हशा) खरे कारण बहुधा अमोनिया असते. माशांच्या कल्ल्यांतून, उरलेल्या खाद्यातून, सडलेल्या पानांतून अमोनिया दिवसरात्र पाण्यात उतरत असतो आणि नव्या टाकीत त्याला पचवणारे जिवाणू अजून वसलेले नसतात. ही वस्ती मासे सोडण्याआधी उभी करणे म्हणजे टाकी ‘सायकल’ करणे.

नायट्रोजन चक्राची आकृती शाळेत सर्वांनीच काढलेली असते, तेव्हा तिची उजळणी नको. जिवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट, एवढे ध्यानात असले की पुरे. १८७७ मध्ये फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युन्झ या शास्त्रज्ञांनी वाळू-खडू भरलेल्या नळीतून सांडपाणी हळूहळू झिरपवले. सुरुवातीचे सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. मग खालून अमोनियाऐवजी नायट्रेट येऊ लागले. क्लोरोफॉर्म सोडताच काम थांबले, म्हणजे काम करणारे जिवंत होते हे ठरले. ते वीस दिवस नव्या टाकीच्या मालकाने नीट लक्षात घ्यावेत. पुढे १८९० च्या सुमारास विनोग्राद्स्कीने या जिवाणूंचे दोन गट वेगळे दाखवले, आणि २०१५ मध्ये दोन्ही पायऱ्या एकटाच पार करणारा नायट्रोस्पायरा सापडला. त्याचा एक नमुना मत्स्यपालन केंद्राच्या फिल्टरमधूनच मिळाला होता.

आकृतीत एक गोष्ट मात्र दबून जाते. जिवाणू नायट्रोजनचे रूप बदलतात, त्याला घराबाहेर काढत नाहीत. नायट्रेट साचतच राहते. या व्याख्यानाचा सगळा रोख या एका वाक्यावर आहे.

वर्धा जिल्ह्यात टाकीची तयारी पाण्याच्या तपासणीपासून सुरू करावी लागते. जिल्ह्याचा बहुतांश भाग बेसाल्टवर वसलेला आहे. बोअरचे पाणी जड असते. कूलरच्या जाळीवर दोन महिन्यांत बसणारा पांढरा थर त्याची साक्ष देतो. जड पाण्याचा फायदाही आहे. अमोनियाचे नायट्रेट होताना पाण्यातली क्षारता खर्ची पडते, दर मिलिग्रॅम नायट्रोजनमागे सुमारे ७ मिलिग्रॅम, आणि जड पाण्यात हा साठा भरपूर असतो. तोटा असा की अशा पाण्याचा सामू चढा असतो आणि चढ्या सामूला अमोनिया जास्त विषारी ठरतो. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी विषारी रूपात अर्धा टक्का असतो. सामू ८ असेल तर पाच टक्क्यांच्या वर जातो. नळाच्या पाण्यातला क्लोरीन वेगळाच. तो जिवाणूंनाही मारतो. पाणी एक दिवस उघडे ठेवावे, किंवा दुकानात ‘हायपो’ म्हणून मिळणारे खडे, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, वापरावेत.

पण तपासणीची मुख्य बाब नायट्रेट. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या गुणवत्ता अहवालात भूजलातील नायट्रेटने सर्वाधिक ग्रासलेल्या देशातील जिल्ह्यांत वर्ध्याचे नाव आहे. सोबत अमरावती, यवतमाळ आणि बुलढाणाही आहेत. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. टाकीच्या हौशी माणसाला याचा फटका दोनदा बसतो. टाकीत नायट्रेट दिसले म्हणजे सायकल पूर्ण झाली, असा सर्वत्र सांगितला जाणारा ठोकताळा आहे. इथे ते पहिल्याच बादलीबरोबर आलेले असू शकते. आणि नायट्रेट वाढले की पाणी बदला, हा दुसरा सल्ला. बदलीचे पाणीच नायट्रेटचे असेल तर बदलून हाती काय लागणार?

हे नायट्रेट विहिरीत आले कसे, ते पाहणे विषयांतर वाटेल, पण तसे ते नाही. कपाशीच्या बुडाशी टाकलेल्या युरियाचा अमोनिया होतो, काळ्या मातीतले तेच जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, मग नायट्रेट. मुळांनी उचलले तेवढे पिकाचे. उरलेले मातीच्या कणांना चिकटत नाही, कारण मातीचा आणि नायट्रेटचा विद्युतभार एकाच जातीचा, ऋण. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात. मृगाच्या पहिल्या सरींचे पाणी या भेगांतून सरळ खाली उतरते आणि वाटेत सापडलेले नायट्रेट सोबत नेते. (सभागृहात चुळबूळ, मागून ‘युरिया नाही टाकला तर पऱ्हाटी पिवळी पडते’ असा आवाज.) आक्षेप रास्त आहे. नायट्रोजनविना कपाशी होत नाही आणि सगळा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. विहिरीला लागून असलेला उकिरडा, गोठ्याची मोरी, विनाअस्तराचा शौचखड्डा यांचा वाटाही या खात्यात जमा होतो. युरिया एकाच हप्त्यात आणि मोठ्या पावसाच्या तोंडावर पडतो तेव्हा मात्र तो पिकाच्या कामी येत नाही, खालच्या विहिरीत जातो.

विहिरीचे हे पाणी तान्ह्या बाळाला दिले, तर शरीरात नायट्रेटचे नायट्राइट होऊन रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते आणि बाळ निळसर पडते. अर्धवट सायकल झालेल्या टाकीत नायट्राइट साचले की माशांचे नेमके हेच होते: रक्त चॉकलेटी पडते आणि भरपूर हवा सोडूनही मासा पृष्ठभागाशी तोंड वासत राहतो. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. वाफ उडून जाते, नायट्रेट मागे राहते आणि उलट दाट होते. आरओ ते बरेचसे काढतो, पण आरओचे टाकाऊ पाणी पुन्हा कुठे मुरते, हा प्रश्न शिल्लक राहतोच. विहिरींचा मुद्दा ठरल्यापेक्षा लांबला, पण वर्ध्यात टाकीवर बोलायचे आणि विहिरीवर नाही, हे शक्य नव्हते.

टाकीतल्या नायट्रेटला बाहेर जायला दोन वाटा आहेत. एक पाणी बदलण्याची, जी इथे भरवशाची नाही. दुसरी वनस्पतींची: त्या नायट्रोजन अंगात बांधून घेतात आणि छाटणी केली की तो टाकीबाहेर पडतो. तळाच्या गाळात प्राणवायू नसलेल्या थरात थोडे नायट्रेट वायू होऊन सुटते खरे, पण इंचभर मातीच्या टाकीत त्यावर विसंबता येत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून टाकी वनस्पतींनी गच्च भरावी. तळाचा निम्म्याहून जास्त भाग झाकला गेला पाहिजे. कोपऱ्यात लावलेल्या चार शोभेच्या काड्यांनी काहीच साधत नाही. वनस्पतींना नायट्रेटपेक्षा अमोनियाच आधी हवा असतो, हे डायना वॉलस्टड यांनी १९९९ च्या आपल्या पुस्तकात सविस्तर मांडले आहे. म्हणजे जिवाणू वसायच्या आधीच निम्मे काम सुरू होते.

परदेशी, नाजूक, महागडी झाडे सुरुवातीला नकोतच. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया आणि मुळांशिवाय तरंगत वाढणारे सेराटोफायलम विदर्भाच्या तळ्या-बोड्यांत वाढतात. भंडारा-गोंदियात पर्यावरण अभ्यासक मनीष राजनकर आणि तिथल्या मासेमार धिवर समाजाने बेशरम हे उपद्रवी झुडूप उपटून जुन्या मालगुजारी तलावांत याच देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. मासे आणि पक्षी परत आले ते त्यानंतर. तळ्यातून आणलेले झाड पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटे बुडवून, पानाच्या पाठीमागे अडकलेली गोगलगायीची चिकट अंडी बोटाने खरवडून मगच आत टाकावे. तळ्यातली चपट्या गोल शंखाची गोगलगाय गुरांच्या रक्तातील चपट्या कृमींची वाहक असू शकते, तिच्या पाण्यात हात घातल्याने अंगाला खाज सुटते. तिला टाकीत थारा नको.

तळाला माती काळीच चालेल, पण खत-औषध न पडलेल्या जागेची, चुनखडी वेचून, चाळून, जेमतेम इंचभर. तिच्यावर दीड-दोन इंच धुतलेली रेती. बादलीतले पाणी नितळ येईपर्यंत रेती धुवावी. दोन पाण्यांत काम उरकले, तर पुढचा महिना गढूळ पाणी बघण्यात जातो. पाणी ओतताना रेतीवर ताटली ठेवून तिच्यावर ओतावे.

आता अमोनिया. मातीतून तो थोडा येतोच. कमी पडला तर नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, वापरता येतो. कल्हईवाल्याकडचा नवसागर शुद्ध असेलच असे नाही, प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्यावा. शंभर लिटर पाण्यात पाऊण ग्रॅम टाकल्यास नायट्रोजनचे प्रमाण लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास येते. यापेक्षा जास्त टाकून सायकल लवकर होत नाही, शेवाळ तेवढे लवकर येते. जुन्या, निरोगी टाकीतला स्पंज पिळून ते काळपट पाणी नव्या फिल्टरवर ओतणे हे बाजारातल्या जिवाणूंच्या बहुतेक बाटल्यांपेक्षा सरस. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन, पुन्हा तेवढाच नवसागर टाकल्यावर चोवीस तासांत परत शून्य झाले, की सायकल झाली. याला सहसा चार ते सहा आठवडे लागतात. गर्द वनस्पतींच्या टाकीत कधी कधी नायट्राइट दिसतच नाही, त्याने गोंधळू नये. पूस-माघाच्या थंडीत जिवाणू सुस्त असतात; दिवाळीपूर्वी सुरुवात केलेली बरी.

शेवाळ याच काळात येते, आणि क्रमाने येते. प्रथम तपकिरी. काचेवर, रेतीवर, पानांवर बोट फिरवले की पुसला जाणारा थर म्हणजे डायटम. बेसाल्टमधून आलेल्या पाण्यात विरघळलेली सिलिका असते, डायटमचे कवच तिचेच बनते. त्यामुळे इथे हा थर थोडा जास्त दिवस रेंगाळतो. पुसावा, नळीने ओढून घ्यावा, बाकी काही करू नये. सिलिका आणि अमोनिया खाली आले की तो आपोआप विरतो.

मग हिरवे. पाणीच हिरवे झाले तर अमोनिया आणि खिडकीतले ऊन हे दोन आरोपी. टाकी उन्हातून हलवावी आणि तीन दिवस जाड चादरीने पूर्ण झाकावी. लांब केसांसारखे धागे आले तर टूथब्रशवर गुंडाळून काढावेत. या दोन्हींत मूळ उपाय एकच, प्रकाश रोज सहा तास, टायमर लावून. दिवाणखान्यात पाहुणे बसलेत म्हणून दिवा रात्री अकरापर्यंत चालू ठेवणे, या एका सवयीने जिल्ह्यातल्या टाक्यांचे जेवढे नुकसान केले आहे तेवढे नायट्रेटनेही केले नसेल. (हशा) शेवाळ मारणारी औषधे टाळावीत. मेलेले शेवाळ सडून अमोनिया परत करते. १८५० मध्ये लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टनने दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया घेऊन समतोल टाकी जमवली, तेव्हाही सडलेली पाने आणि काचेवरचे हिरवे शेवाळ त्याच्या मानगुटीस बसले होतेच. त्याने गोगलगायी सोडून निस्तरले.

शेवाळ खाणारा म्हणून दुकानात ‘सकर’ मासा गळ्यात मारतात. तो हातभर वाढतो आणि मोठेपणी शेवाळ सोडून खाद्यावर टपतो. कंटाळलेल्या माणसाने तो नदीत सोडला की काय होते, ते उजनी धरणातल्या मच्छीमारांच्या जाळ्यांत दिसते. वर्ध्याच्या धाम नदीवर ती पाळी येऊ नये.

(अध्यक्षांनी घड्याळ दाखवले.) खतांचा आणि कार्बन डायऑक्साइडचा भाग वेळेअभावी गाळावा लागत आहे. शेवाळाचे मात्र दोन मुद्दे उरले. निळे-हिरवे, वास मारणारे, चादरीसारखे निघणारे आवरण हे शेवाळ नसून जिवाणू आहेत. ते हाताने काढून प्रवाह वाढवावा, प्रतिजैविके टाकू नयेत. ती फिल्टरचे जिवाणूही मारू शकतात. पानांच्या कडांना काळी दाढी आली तर ते पान कापून टाकावे.

वैशाखात पारा ४५ च्या पुढे गेला की टाकीचे पाणी ३५ गाठते. २५ अंशांना पाण्यात लिटरमागे ८ मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू राहतो, ३५ ला जेमतेम ७. झाकण काढून पृष्ठभागावर छोटा पंखा सोडावा; विदर्भाच्या कोरड्या हवेत पाणी तीन-चार अंश उतरते. उडालेल्या पाण्याची भर बोअरच्या पाण्याने घातली तर क्षार आणि नायट्रेट दोन्ही चढत जातात, ती आरओच्या पाण्याने घालावी. पावसाळ्यात हवा दमट असल्याने पंख्याचा हा उपाय फारसा चालत नाही, पण तेव्हा गरजही नसते.

सायकल झाल्यावर पहिल्या आठवड्यात तीन-चार लहान मासे पुरे. खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच. दर दहा दिवसांनी अमोनिया तपासून पुढचे तीन-चार सोडावेत. छाटलेली हायड्रिला नाल्यात टाकू नये, वाळवून खताच्या खड्ड्यात घालावी. टाकीतून उपसलेले नायट्रेटचे पाणी अंगणातल्या कढीपत्त्याला घालावे.