तिसरीही मुलगीच झाली
(वाशीम येथील भाषण)

सोनोग्राफीवर बोलायला मी वाशीमला पूर्वीही आले होते. भाषण संपलं, आभार झाले. "कुणाला काही विचारायचंय का?" म्हटलं, तर सभागृह गप्प. बाहेर चपला घालताना मात्र एका बाईनं हात धरला. "ताई, तिसरीही मुलगीच झाली. सासू म्हणते, दोष माझाच. खरं का?" तासभर मी कायदा सांगत होते, आणि तिचा प्रश्न पायरीवर निघाला.

म्हणून आज सुरुवात तिथूनच. स्त्रीबीजात एक्स गुणसूत्रच असतं. पुरुषबीजातून एक्स आलं तर मुलगी, वाय आलं तर मुलगा. दोष पुरुषाचाही नाही. बाईचा तर नाहीच नाही.

यंत्रही वाईट नव्हे. वार कुठे आहे, मूल आडवं आहे का, हे कळून जीव वाचतो. लिंग सांगणं हा गुन्हा. त्याविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्रानं १९८८ साली केला, तोही स्त्रीसंघटनांनी रेटा लावल्यावर. केंद्राचा आला १९९४ साली. तरी २०११च्या जनगणनेत ० ते ६ वयोगटात राज्यात हजार मुलग्यांमागे ८९४ मुली, आणि वाशीम जिल्ह्यात त्याहूनही कमी!

"तूच आत जाशील" अशी भीती घरात घालतात ना? केंद्राचा कायदा म्हणतो, बाईवर नवऱ्यानं किंवा नातेवाइकांनी सक्ती केली असंच न्यायालयानं धरायचं. तसं नव्हतं हे दाखवायची जबाबदारी त्यांची.

आता माइक मागच्या रांगेत द्या. उभं राहून विचारायला जमणार नाही त्यांच्यासाठी मी नंतर पायरीवर बसणार आहे.