बास्केटबॉलचा तक्ता कसा वाचावा?
(मंडळाच्या व्याख्यानमालेत, सायंआरतीनंतर केलेले भाषण)



या व्यासपीठावर दरवर्षी कोणी मधुमेहावर बोलतं, कोणी म्युच्युअल फंडावर. यंदा कॉलनीतल्या मुलांनी हट्ट धरला की काकांनी बास्केटबॉलवर बोलावं. मी कोच नाही. डिप्लोमा करून रेल्वेत आलेला, रुळांवर नोकरी केलेला माणूस. पण आकड्यांशी रोजचा संबंध आहे, आणि अमेरिकेतल्या एन.बी.ए.चे सामने आपल्याकडे पहाटे पाच-सहाला लागतात, त्यामुळे ड्यूटीवर निघण्याआधी चहाबरोबर ते पाहायची सवय लागली. मुलांचा प्रश्न साधा होता, "काका, मोबाइलवर सामन्याचा तक्ता येतो त्यात इतके रकाने कशाला? ज्याचे गुण जास्त तो मोठा, संपलं ना!"

संपत नाही. क्रिकेटमध्ये आपण असं कधी म्हणतो का? पन्नास धावा म्हटलं की आपल्या घरातली आजीसुद्धा विचारते, किती चेंडूंत? बास्केटबॉलमध्ये मात्र हा प्रश्न आपण विचारत नाही.

आधी मोजणी समजून घेऊ. साधी बास्केट 2 गुणांची. एन.बी.ए.त 23 फूट 9 इंचांवर एक कमान आखलेली असते, कोपऱ्यांत ती 22 फुटांवर येते. तिच्या बाहेरून टाकलेल्या बास्केटला 3 गुण. ही कमान 1979-80 च्या हंगामापासून आली, त्याआधी कुठूनही टाका, 2 च. फाउल झाल्यावर मिळणाऱ्या फ्री थ्रोचा 1 गुण. तक्त्यात "28-46" असं दिसलं तर 46 वेळा चेंडू टाकला आणि 28 वेळा आत गेला, असं वाचायचं. डावीकडच्या आकड्याला टाळ्या मिळतात. मी उजवीकडचा आधी बघतो. गाडी किती किलोमीटर धावली हे सगळे विचारतात, डिझेल किती जाळलं हे शेडवाल्यालाच ठाऊक असतं.

फळ्यावर दोन नावं लिहितो. विल्ट चेंबरलेन, 2 मार्च 1962, हर्शी नावाच्या गावी, न्यूयॉर्क निक्सविरुद्ध 100 गुण. आजही एका सामन्यातला तो विक्रम आहे. दुसरा कोबी ब्रायंट, 22 जानेवारी 2006, टोरांटोविरुद्ध 81 गुण. आता उजवीकडचे आकडे. चेंबरलेनने 63 वेळा चेंडू टाकला, 36 वेळा आत गेला. फ्री थ्रो 32 पैकी 28. (एरवी हा माणूस फ्री थ्रोत जेमतेम निम्मेच घालायचा. त्या रात्री बाप्पाच पावला म्हणायचा.) कोबीने 46 पैकी 28 घातले, त्यांत 7 तीन गुणांचे, फ्री थ्रो 20 पैकी 18.

दोघांची तुलना करायची तर संघाच्या किती संधी वापरल्या ते काढावं लागतं. फ्री थ्रो बहुधा जोडीने मिळतात, म्हणून दोन फ्री थ्रोंची मिळून साधारण एक संधी धरायची. पण बास्केट झाल्यावर वर मिळणारा एक जादा थ्रो वेगळी संधी खात नाही. म्हणून अर्ध्याऐवजी 0.44 ने गुणतात. चेंबरलेनच्या संधी झाल्या 63 अधिक 14, म्हणजे 77. कोबीच्या 46 अधिक 9, म्हणजे 55. आता भागाकार करा. चेंबरलेनने दर संधीला सुमारे 1.30 गुण काढले, कोबीने 1.48. शंभराचा मान शंभराला आहेच, पण कमी इंधनात जास्त ओढलं कोबीने. शिवाय चेंबरलेनच्या सामन्यात शेवटी शेवटी सगळा संघ मुद्दाम त्याच्याच हातात चेंडू देत होता, हे तक्त्यात लिहिलेलं नसतं.

दुसरी गोष्ट वेगाची. 22 नोव्हेंबर 1950 ला फोर्ट वेनने मिनियापोलिसला 19-18 असं हरवलं. पूर्ण सामन्यात दोन्ही संघांचे मिळून 37 गुण! चेंडू हातात धरून उभं राहायला तेव्हा बंदी नव्हती. 1954 मध्ये सिराक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी एक भागाकार केला. सामना 48 मिनिटांचा, म्हणजे 2880 सेकंद. चांगल्या रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण 120 वेळा चेंडू टाकतात. 2880 भागिले 120, उत्तर 24. त्या दिवसापासून 24 सेकंदांत चेंडू टाकलाच पाहिजे असा नियम झाला. एवढा सोपा आणि एवढा उपयोगी भागाकार मी दुसरा पाहिला नाही.

वेग बदलला की सगळेच आकडे बदलतात. ऑस्कर रॉबर्टसनने 1961-62 च्या हंगामात सरासरी 30.8 गुण, 12.5 रिबाउंड आणि 11.4 असिस्ट केले. तिन्ही रकान्यांत दहाच्या वर असं हंगामभर पुन्हा जमायला 2016-17 उजाडलं, रसेल वेस्टब्रुक. नंतर 2024-25 मध्ये निकोला योकिच. पण रॉबर्टसनच्या काळी संघ धावत सुटायचे, चेंडू जास्त वेळा टाकायचे, चुकायचेही जास्त. जितके चेंडू चुकतील तितके रिबाउंड पदरात पडणार. म्हणून हल्ली जाणकार संघाचा हिशोब सामन्यावर करत नाहीत, चेंडूच्या दर 100 ताब्यांमागे किती गुण केले आणि किती दिले, असा करतात. 110 गुण खाल्ले म्हणून बचाव वाईट असं ठरत नाही. सामना किती ताब्यांचा झाला ते आधी विचारायचं.

आणि एका सामन्यावर तर मुळीच विसंबू नये. एन.बी.ए.चे भारतातले पहिले सामने आपल्या मुंबईतच झाले, 4 आणि 5 ऑक्टोबर 2019 ला, वरळीच्या डोममध्ये. इंडियाना आणि सॅक्रामेंटो, तेच दोन संघ. पहिल्या दिवशी जादा वेळेत 132-131. दुसऱ्या दिवशी 130-106. यातला कुठला निकाल खरा मानायचा?

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला ते सांगतो. तक्त्यात जे असतं त्यापेक्षा जे नसतं ते मला जास्त छळतं. बॉस्टनच्या बिल रसेलने 13 हंगामांत 11 अजिंक्यपदं जिंकली. त्याची गुणांची सरासरी 15 च्या आसपास. समोरच्याने टाकलेला चेंडू हवेत अडवण्यात त्याचा हातखंडा होता. त्याने असे किती अडवले? अधिकृत आकडाच नाही. ब्लॉक आणि स्टील हे रकाने एन.बी.ए.ने 1973-74 पासून सुरू केले, रसेल 1969 लाच निवृत्त झाला. काम झालं, नोंद नाही.

आपल्याकडचा कीमॅन घ्या. रोज आपला बीट चालतो, सैल चाव्या ठोकतो, आणि गाड्या बिनघोर जातात. न झालेल्या अपघाताची नोंद कुठल्या रजिस्टरात करणार? ह्यूस्टनचा शेन बॅटिए असाच कीमॅन होता. गुण थोडे, रिबाउंड थोडे. पण तो मैदानात असला की समोरच्यांचे आकडे घसरायचे. त्याच्यावर मायकेल लुईस यांनी 2009 मध्ये मोठा लेख लिहिला होता. अशा खेळाडूसाठी प्लस-मायनसचा रकाना आहे. तो खेळत असताना आपल्या संघाने किती गुण जास्त केले किंवा कमी, एवढंच तो सांगतो. जोडीदार चांगले असले तर हा आकडा आयता फुगतो, म्हणून तोही बरेच सामने पाहूनच वाचायचा.

हे सगळं अमेरिकेचं, आपला काय संबंध? सांगतो. आपल्या कॉलनीच्या स्पर्धेत गुणपत्रकावर दोनच गोष्टी लिहिल्या जातात, गुण आणि फाउल. सर्वोत्कृष्ट खेळाडूचा चषक जातो सर्वाधिक गुणांना. परिणाम तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. शेवटच्या दहा मिनिटांत कोणी कोणाला पास देत नाही, पालक कडेने "टाक, तूच टाक" म्हणून ओरडतात. गेल्या वर्षी आपला एक मुलगा एका निवड चाचणीतून परत आला. कारण सांगितलं, गुण कमी. तो मुलगा बास्केटखाली उभा राहून प्रत्येक चुकलेला चेंडू ओढून आणतो आणि दुसऱ्याच्या हातात देतो. त्याच्याकडे दाखवायला कागद नव्हता. रेल्वेत खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागते हे स्वप्न इथे बऱ्याच घरांत आहे, तेव्हा हा कागद किरकोळ नाही. त्या मुलाने आता खेळणं सोडलंय आणि त्याची आई परवा मला म्हणाली, "भाऊजी, अभ्यास तरी करेल." मला त्यावर काय बोलावं सुचलं नाही.

म्हणून मी एक पत्रक तयार केलंय. एका पानावर मावतं. प्रत्येक खेळाडूपुढे टाकलेले चेंडू, आत गेलेले, फ्री थ्रो, दोन्ही बाजूंचे रिबाउंड, असिस्ट, स्टील, आणि गमावलेले चेंडू. प्लस-मायनस मी मुद्दाम ठेवलेलं नाही, चार सामन्यांच्या स्पर्धेत त्यातून नुसती भांडणं होतील. एका संघामागे दोन माणसं लागतात, एकाने मैदानावरून नजर न हटवता बोलायचं, दुसऱ्याने मान वर न करता लिहायचं. नवरा-बायको असतील तर कोण बोलणार हे मी ठरवून देणार नाही.

चषक कोणाला द्यायचा ते मंडळाने ठरवावं, माझा अर्ज सचिवांकडे दिलेला आहे. दसऱ्याच्या सुटीतल्या स्पर्धेसाठी आठ माणसं हवीत, पाच नावं आली आहेत. येत्या रविवारी दुपारी चार वाजता इन्स्टिट्यूटच्या मैदानावर मुलांचा सरावाचा सामना आहे, तिथे पत्रक भरायची तालीम करू. पेन्सिल आणि खोडरबर घेऊन या. चहा आणि शेंगदाणे माझ्याकडे.