गजर आठचा, सहरी पहाटेची

दम्याच्या रुग्णाकडे साधारण दोन पंप असतात. एक सॅल्ब्युटामॉलचा, बहुधा निळा. आवळलेली श्वासनळी तो काही मिनिटांत सैल करतो. दुसरा स्टिरॉइडचा. तो आतली सूज हळूहळू उतरवतो, म्हणून बरं वाटत असतानाही रोज घ्यायचा. आपल्याकडे पहिला खिशात असतो आणि दुसरा कपाटात. ‘स्टिरॉइड’ या शब्दाचीच धास्ती! पण नुसत्या निळ्यावर दमा काढू नये, असं जागतिक मार्गदर्शक सूचना २०१९ पासून सांगत आहेत.

दम्याचं अॅप म्हटलं की लोक कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी विचारतात. मला त्यात फारसा रस नाही. रोजचा डोस चुकला का आणि निळा पंप किती वेळा लागला, एवढं नोंदलं तरी पुष्कळ. आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा लागत असेल, तर दमा आटोक्यात नाही, डॉक्टरांना गाठावं.

आता रमजान. अॅपचा गजर सकाळी आठला वाजतो. रोजेदार तो बंद करतो, आणि मग महिनाभर तो बंदच राहतो. सूज उतरवणारं औषध सुटतं, आणि त्याचा फटका लगेच नाही, काही दिवसांनी बसतो. पंपाने रोजा तुटतो का, यावर आलिमांमध्ये मतभेद आहेत, ते मी मिटवणार नाही. पण दोन वेळचा स्टिरॉइडचा पंप सहरी आणि इफ्तारला घेता येईल का, हे रमजानआधीच डॉक्टरांना विचारता येतं. मशिदीच्या टाइमटेबलवरच्या सरकत्या वेळा अॅपला शिकवणं मुळीच अवघड नाही. दिवसा दम लागला तर मात्र निळा पंप लगेच घ्यायचा, उतार पडला नाही तर दवाखाना. आजाऱ्याला रोजे नंतर पुरे करण्याची मुभा कुरआननेच दिली आहे (२:१८५). अॅपने हे मराठी-उर्दूत बोलून सांगावं, कारण प्रत्येक अम्मीला वाचता येतंच असं नाही.

आणखी एक. लग्न ठरायचं असलेल्या मुलीचा पंप पुष्कळदा ओढणीआड असतो. घरच्या सामायिक फोनवर ‘दम्याचा डोस घ्या’ असं झळकलं, तर ती अॅपच काढून टाकेल. लपवायची वेळ येऊ नये, हे कबूल. पण ती वेळ आज आहे. म्हणून गजराला हवं ते नाव देता यावं, आणि नोंदी फोनबाहेर जाऊ नयेत.

स्मार्टफोन नसेल त्यांना मी भिंतीवरचं कॅलेंडरच सांगतो. निळा पंप घेतला की त्या तारखेवर एक रेघ. डॉक्टरकडे जाताना ते पान सोबत न्यायचं.