बडोद्याचा बाबू

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)

पुढे सतरंजीवर प्रसादाच्या पातेल्याकडे तोंड करून बसलेल्या बालगोपाळांनो,

दरवर्षी या दिवशी बाहेरगावचा वक्ता असतो. यंदाच्या वक्त्यांना ऐन वेळी ताप आला आणि कार्यकारिणीची नजर आमच्यावर पडली. आम्ही म्हणजे तिघे. बोलणार एकटाच आहे, पण माहिती तिघांनी मिळून जमवली, म्हणून 'आम्ही' म्हणतो. चुकले तर शिव्या तिघांत वाटून घेऊ.

आम्ही तिघेही डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीला लागलो, त्याला वीस वर्षे होऊन गेली. लोक आम्हाला तोंडावर साहेब म्हणतात आणि पाठ फिरली की बाबू. त्यामुळे ज्या घोड्याचे नावच 'माय बाबू' होते, त्याच्याबद्दल आम्हाला जरा जास्तच आपुलकी वाटली, हे आधीच कबूल करतो.

हा घोडा आम्हाला सापडला कसा, ते सांगतो. गेल्या वर्षी मुलांच्या प्रश्नमंजूषेसाठी आम्ही सयाजीराव महाराजांची माहिती काढत होतो. आपल्यातले निम्मे लोक खानदेश-नाशिककडचे. महाराजांचा जन्मही मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा, मूळ नाव गोपाळराव, १८७५ साली दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसले. तेव्हा पाच-सहा प्रश्न त्यांच्यावर हवेतच. तर शोधता शोधता एका ठिकाणी लिहिलेले आढळले, की सयाजीराव १९४७ साली इंग्लंडमध्ये सेंट लेजर ही शर्यत एका डोक्याच्या अंतराने जिंकला. 'जिंकला', एकेरी! महाराज तर १९३९ च्या फेब्रुवारीत गेले. आमच्यातला एकजण चिडलाच, म्हणाला, कुणीतरी खोडसाळपणा केलाय. खोडसाळपणा नव्हता. सयाजीराव नावाचा खराखुरा घोडा होता, आणि ते नाव ठेवणारा महाराजांचा सख्खा नातू होता, प्रतापसिंहराव गायकवाड.

आता थोडे मागे जाऊ. आपण हजीऱ्याला राहतो, तिथून बडोद्याचे गायकवाड काही लांबचे नाहीत. गायकवाडांचे पहिले ठाणे आपल्या सोनगडला. पिलाजीरावांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथूनच गुजरातेत पाय रोवले, आणि ते रोवले घोड्याच्या पाठीवरून. नवसारीही पुढे बडोदा संस्थानातच होती. आणि इंग्रज? आपण रविवारी पोरांना घेऊन सुवालीच्या किनाऱ्यावर जातो ना, तिथेच समोर १६१२ साली थॉमस बेस्ट या इंग्रज कप्तानाने पोर्तुगीज आरमाराला मात दिली आणि इंग्रजांचा सुरतेत जम बसला. म्हणजे ज्यांनी आपल्या दारातून या देशात पाऊल टाकले, त्यांच्या दारात जाऊन तीनशे पस्तीस वर्षांनी एका मराठी संस्थानिकाचे घोडे पळाले. यात अभिमान वाटण्यासारखे किती आणि खटकण्यासारखे किती, यावर आमच्यात अजून एकमत नाही.

प्रतापसिंहराव १९३९ साली गादीवर आले. घोड्यांचा नाद जबरदस्त. १९४३ साली महालक्ष्मीला पहिली इंडियन डर्बी झाली, ती जिंकणारी घोडी प्रिन्सेस ब्युटिफुल त्यांचीच, वर एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन जॉकी. मग मुंबई लहान वाटू लागली. १९४५ साली, महायुद्ध नुकते संपलेले, त्यांनी इंग्लंडमध्ये एक वर्षाचे शिंगरू लिलावात घेतले, अठ्ठावीस हजार गिनींना. तिथल्या लिलावात एवढ्या वयाच्या शिंगराला तोवर एवढी किंमत कधी आली नव्हती. कारण शिंगराचा सख्खा भाऊ दांते त्याच वर्षी इंग्लंडची डर्बी जिंकला होता.

आम्ही बाबू, आकडा दिसला की बेरीज-गुणाकार केल्याशिवाय चैन पडत नाही. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. म्हणजे झाले २९,४०० पौंड. त्या काळी पौंडाला तेरा रुपये आणि वर पाच आण्यांपेक्षा किंचित जास्त. एकूण जवळजवळ तीन लाख ब्याण्णव हजार रुपये. १९४५ चे रुपये! न पळालेल्या, अजून कुणी पाठीवर न बसलेल्या एका शिंगराचे. आणि त्याला नाव दिले आजोबांचे.

आता हे आजोबा कोण? ज्यांनी १८९३ साली अमरेलीत सक्तीचे मोफत शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात नेले. ज्यांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणवून गावोगाव वाचनालये उभारली. ज्यांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला शिकायला गेले. हे वाचले आणि आमच्यातल्या चिडलेल्या गृहस्थाने वही मिटली. म्हणाला, पुढचे तुम्हीच वाचा.

पण पुढे वाचावेच लागले, कारण घोडे खरोखर चांगले निघाले. ट्रेनर होता सॅम आर्मस्ट्राँग, तबेला न्यूमार्केटला वॉरन प्लेस इथे. (त्याच वॉरन प्लेसमध्ये पुढे हेन्री सेसिलने फ्रँकेल तयार केला, जो आयुष्यात एकही शर्यत हरला नाही.) सयाजीराव हा लांब पल्ल्याचा गडी. १९४७ साली इंग्लंडच्या डर्बीत तिसरा आला, मग आयर्लंडची डर्बी जिंकला, आणि सप्टेंबरात सेंट लेजर. ही शर्यत १७७६ पासून चालत आलेली, अंतर तीन किलोमीटरला थोडे कमी. आपल्या स्वातंत्र्याला महिनाही पुरता झाला नव्हता.

पण आमचा विषय तो नाही. आमचा विषय बाबू, आणि बाबू होता वेगाचा.

शर्यतीच्या घोड्यांत हा मोठा भेद असतो. काही घोडे सहा-सात फर्लांग, म्हणजे बारा-चौदाशे मीटर, वाऱ्यासारखे जातात आणि पुढे त्यांचा दम संपतो. काही सुरुवातीला मागे रेंगाळतात आणि दीड मैलानंतर खुलतात. आपल्याकडच्या शंकरपटात दोन-चार क्षणांत फैसला होतो, तिथे पहिल्या जातीचा बैल लागतो. दिवसभर मोट ओढायला दुसऱ्या. दोन्ही गुण एकात क्वचित.

माय बाबूचा जन्म १९४५ चा, फ्रान्समधला. बाप जेबेल, हाही मोठा पळणारा, १९४० साली इंग्लंडला येऊन टू थाउजंड गिनीज जिंकलेला. आई पर्फ्यूम. सुरुवातीला शिंगराचे नाव होते लेरिन्स, फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या बेटांचे. बडोद्याच्या तबेल्यात आल्यावर त्याचे झाले माय बाबू. इंग्रजी 'माय' की आपली माय, असा प्रश्न आमच्या घरच्या मंडळींनी विचारला. इंग्रजीच असावे. पण 'मायबाप सरकार'च्या जवळचे हे नाव आम्हाला फार आवडले.

दोन वर्षांचा असताना, १९४७ मध्ये, तो डोंकास्टरची शँपेन स्टेक्स जिंकला, सहाएक फर्लांगांची, म्हणजे निव्वळ वेगाची शर्यत. गंमत अशी, की ही शर्यत सेंट लेजरच्याच जत्रेत होते. म्हणजे एकाच मैदानावर, एकाच आठवड्यात, बडोद्याच्या मोठ्याने लांब पल्ला मारला आणि धाकट्याने छोटा.

१९४८ च्या एप्रिलमध्ये न्यूमार्केटला टू थाउजंड गिनीज. एक मैल, १६०९ मीटर, आणि तोही सरळसोट, वळण नाही. वर जॉकी चार्ली स्मर्क. समोर द कॉब्लर नावाचा तितकाच वेगवान घोडा. शेवटपर्यंत दोघे बरोबरीत, आणि बाबू एका डोक्याने पुढे. वेळ लागली १ मिनिट ३५.८ सेकंद. त्या शर्यतीत तोवर इतक्या कमी वेळात कुणी पळाले नव्हते, आणि त्यानंतर सेहेचाळीस वर्षे कुणी पळाले नाही. १९९४ मध्ये मिस्टर बेलीज या घोड्याने तो विक्रम मोडला. आम्ही हिशेब केला, सरासरी वेग पडतो ताशी साठ किलोमीटर. संध्याकाळी सहा वाजता हजीरा रोडवर ट्रकांच्या रांगेत अडकलेल्या माणसाला या वेगाची कल्पना यायची नाही, म्हणून पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर मोटरसायकलचा काटा साठवर ठेवून एकदा पाहा. मग विचार करा, की खाली इंजिन नाही, चार पाय आहेत, आणि पाठीवर एक माणूस.

जून उजाडला आणि डर्बी आली. दीड मैल. सगळ्यांनी पैसे लावले बाबूवर, त्याचाच भाव सगळ्यांत तगडा. आणि बाबू चौथा आला. पहिला आला माय लव्ह, आगाखानांची भागीदारी असलेला. 'माय'च जिंकला, पण दुसरा. आम्हाला वाटते, यात हरण्यासारखे काही नव्हते. वेगाच्या घोड्याला दीड मैल पळवले, त्याने जमेल तितके केले. पुन्हा मैलाच्या अंतरावर आणल्याबरोबर गुडवुडची ससेक्स स्टेक्स तो जिंकलाच. सरकारी नोकरीत हे आम्ही रोज पाहतो. ड्रॉइंगचा माणूस वसुलीला बसवतात आणि वर्षाअखेरीस शेरा मारतात, 'कामगिरी समाधानकारक नाही'.

इकडे तेवढ्याच दिवसांत बडोद्यात काय चालले होते? संस्थाने एकामागून एक विलीन होत होती. खजिन्यातून महाराजांनी स्वतःसाठी उचललेल्या मोठमोठ्या रकमांचा प्रश्न निघाला होता, हिशेब मागितला जात होता. ३० एप्रिल १९४९ ला बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले, आणि दुसऱ्याच दिवशी, १ मे रोजी, संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १९५१ साली भारत सरकारने प्रतापसिंहरावांची मान्यता काढून घेतली, आणि गादी मुलाकडे, फत्तेसिंहरावांकडे गेली.

हे सगळे ऐकून तुम्ही म्हणाल, आम्ही कुणाच्या बाजूचे? खरे सांगायचे तर आमच्या तिघांतच वाद आहे. एकजण म्हणतो, ज्या प्रजेच्या सारापट्टीवर हे तबेले उभे राहिले, तिच्यातल्या एकानेही बाबूला पळताना पाहिले नाही. बाबूने बडोदे पाहिले नाही आणि बडोद्याने बाबू पाहिला नाही. दुसरा म्हणतो, त्याच महाराजांच्या काळात विद्यापीठही झाले, ते विसरू नका. आणि आपला एक घोडा गोऱ्यांच्या मैदानात विक्रम करतो, तर ऊर भरून येणारच, त्याला ऑडिट लावू नये. तिसरा, म्हणजे बोलणारा, सध्या हिशेबाच्या बाजूला थोडा जास्त झुकलेला आहे. त्याला कारणही आहे. आपल्याच मंडळात यंदा वर्गणीतून काय करायचे यावर मतदान झाले. आम्ही तिघांनी मुलांसाठी पुस्तकांची दोन कपाटे सुचवली. बाहेरून आणलेले ढोलपथक भरघोस मतांनी जिंकले. ढोल छानच वाजला, आम्हीही नाचलो, ते तुम्ही पाहिलेच आहे. पण घरी जाताना कवळाण्याच्या त्या गोपाळरावांची आठवण आली, ती आलीच.

असो. घोड्याकडे परत येतो, कारण या साऱ्यात त्याचा काहीच दोष नव्हता.

धावणे थांबल्यावर बाबूची पैदास सुरू झाली. त्याचा मुलगा अवर बाबू १९५५ मध्ये टू थाउजंड गिनीज जिंकला. जेबेल, माय बाबू, अवर बाबू, आजा-बाप-नातू तिघांनी तीच शर्यत जिंकली, पंधरा वर्षांत. 'माय'चा 'अवर' झाला, संस्थान जाऊन लोकशाही आली म्हणा हवे तर. मग माय बाबूला अमेरिकेत केंटकीला नेले. तिथे त्याच्या एका मुलीचे नाव ठेवले केरला. होय, आपले केरळ. या केरलेचा मुलगा दमास्कस १९६७ साली अमेरिकेचा सर्वोत्तम घोडा ठरला. बाबूचा अमेरिकेतला एक मुलगा क्रोझिअर, तो १९६१ च्या केंटकी डर्बीत दुसरा आला. आणि क्रोझिअरचा मुलगा प्रिसिजनिस्ट.

या नातवावर आमचा खरा जीव जडला. १९८५ च्या जूननंतर तो एकही शर्यत पळला नव्हता. नोव्हेंबरात न्यूयॉर्कला थेट ब्रीडर्स कप स्प्रिंटला उभा केला. सहा फर्लांग, अमेरिकेतले सगळे निवडक वेगवान घोडे समोर. एवढ्या विश्रांतीनंतर असा घोडा कुणी मैदानात आणत नाही. तो जिंकला, आणि त्या वर्षीचा अमेरिकेचा सर्वोत्तम स्प्रिंटर ठरला. पुढे त्याला पैदाशीला ठेवले, तर घोड्या गाभणच राहीनात. मालकाने त्याला सातव्या वर्षी परत मैदानात आणले. पेन्शनीत निघालेल्या माणसाला पुन्हा हजेरीपटावर घेतल्यासारखे. आयुष्यात ४६ शर्यती पळाला, २० जिंकला. पण त्याची पोरे फारशी झाली नाहीत, तेव्हा ती ओळ तिथेच आटली.

सेहेचाळीस शर्यतींपैकी वीस म्हणजे सव्वीस हरला, हेही आम्ही मुलांना मुद्दाम सांगतो.

एवढी आमची जमवाजमव. प्रश्न असतील तर प्रसादानंतर विचारा; घोड्यांवर पैसे कुठे लावायचे, एवढे मात्र विचारू नका, सरकारी नोकर आहोत.

जाता जाता सूचना. उद्या सकाळी साडेसात वाजता मागच्या मैदानावर मुलामुलींच्या धावण्याच्या शर्यती आहेत. पाचवीपर्यंतच्यांना पन्नास मीटर, त्यापुढच्यांना शंभर. चौथीतल्या एकाने आत्ताच चिठ्ठी पाठवून विचारले आहे, की दोन्हींत नाव दिले तर चालेल का. चालेल. बूट घालून ये, आणि आईला विचारून ये.

गणपती बाप्पा मोरया!