गोपनीय पुरावा आणि उघड युद्ध



राष्ट्राराष्ट्रांच्या व्यवहारात संशयाला जागा असते. इराकविषयीचा संशयही मुळात निराधार नव्हता. १९९१ च्या आखाती युद्धानंतर आंतरराष्ट्रीय निरीक्षक त्या देशात गेले, तेव्हा सद्दाम हुसेन यांच्या राजवटीने चोरून चालविलेला अण्वस्त्रांचा उद्योग जगासमोर आला. निरीक्षकांनी तो मोडून काढला. प्रश्न त्यापुढचा आहे. तोच उद्योग पुन्हा सुरू झाल्याचे अमेरिकेने २००२ साली छातीठोकपणे सांगितले, ते कशाच्या आधारावर? आणि त्या आधाराची छाननी कोणी केली?

मुख्य आधार दोन होते. पहिला ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा. इराकने परदेशातून मागविलेल्या या नळ्या युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूज यंत्रांसाठी आहेत, असे अमेरिकेच्या केंद्रीय गुप्तचर संस्थेचे म्हणणे. सेंट्रिफ्यूजचे खरे जाणकार मात्र त्याच देशाच्या ऊर्जा खात्यात होते. नळ्यांची मापे तपासून त्यांनी सांगितले की, इराक आधीपासून बनवीत असलेल्या ८१ मिलिमीटर व्यासाच्या साध्या रॉकेटांशी ती जुळतात. परराष्ट्र खात्याच्या गुप्तवार्ता विभागानेही असहमती नोंदविली. ऑक्टोबर २००२ च्या गोपनीय अहवालात हे मतभेद खात्यांच्या नावांनिशी आहेत. जनतेसाठी काढलेल्या आवृत्तीत त्यांचे केवळ 'काही तज्ज्ञ' झाले. ते कोण आणि त्यांचा अधिकार काय, हे कळण्याची सोयच उरली नाही. त्याच महिन्यात अमेरिकी काँग्रेसने युद्धाचा अधिकार अध्यक्षांच्या हाती दिला.

दुसरा आधार आफ्रिकेतील नायजर देशातून युरेनियम मिळविण्याच्या प्रयत्नाचा. ऑक्टोबर २००२ मध्ये अध्यक्ष बुश यांच्या एका भाषणातून हा उल्लेख गुप्तचर संस्थेच्याच सांगण्यावरून गाळला गेला होता. तरीही २८ जानेवारी २००३ च्या भाषणात तो ब्रिटिश सरकारचा हवाला देऊन परत आला. संबंधित कागदपत्रे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या हाती पडताच ती बनावट असल्याचे उघड झाले. एका पत्रावर तर फार पूर्वीच पदावरून गेलेल्या परराष्ट्रमंत्र्याची सही होती!

७ मार्च २००३ रोजी संस्थेचे प्रमुख मोहम्मद अल बरादेई यांनी हे सर्व सुरक्षा परिषदेपुढे मांडले. १४१ ठिकाणी २१८ तपासण्या झाल्या होत्या. अण्वस्त्रांचा उद्योग पुन्हा सुरू झाल्याचा पुरावा आढळला नव्हता. दोन आठवडे उलटण्याच्या आत बाँबवर्षाव सुरू झाला. पुढे अमेरिकेनेच नेमलेल्या पाहणी गटाने २००४ साली निष्कर्ष दिला की, हा उद्योग १९९१ मध्येच संपला होता. तोवर दाव्याची किंमत भलत्यांनीच मोजायला घेतली होती. त्या युद्धात आणि त्यातून पेटलेल्या हिंसाचारात एक लाखाहून अधिक इराकी नागरिक मेले. सुमारे साडेचार हजार अमेरिकी सैनिक मेले, तीही बहुतांशी सामान्य घरांतील मुले. दावा करणाऱ्यांपैकी कोणाच्याही घरावर बाँब पडला नाही.

गुप्तचर खाती नेहमी खोटेच बोलतात, असा याचा अर्थ नाही. २००७ साली त्याच अमेरिकी यंत्रणांनी, इराणने २००३ मध्ये अण्वस्त्रनिर्मितीचे काम थांबविले, असा अहवाल आपल्या सरकारला गैरसोयीचा असूनही दिला. इराण अण्वस्त्र बनवीत नाही, हे मत त्या यंत्रणांच्या प्रमुखांनी मार्च २०२५ मध्येही मांडले. इराणने ६० टक्क्यांपर्यंत युरेनियम समृद्ध केले होते आणि ही बाब चिंतेचीच होती. पण जून २०२५ मध्ये आधी इस्राएलने आणि मग अमेरिकेने इराणवर हल्ले केले. पुरावा सोयीचा असेल तर तो युद्धाचे समर्थन ठरतो आणि गैरसोयीचा असेल तर बाजूला सारला जातो. दोष माहिती गोळा करणाऱ्यांपेक्षा ती वापरणाऱ्यांच्या हेतूत अधिक आहे.

म्हणून कार्यकर्त्याने असा दावा ऐकताच तीन प्रश्न विचारावेत. दाव्याशी असहमत कोण होते आणि त्यांचे म्हणणे कोठे गेले? त्रयस्थ निरीक्षकांना तपासणी पुरी करू दिली का? दावा खोटा निघाल्यास कोणाची खुर्ची जाणार? हे प्रश्न दूरदेशीचे म्हणून सोडून देऊ नयेत. एप्रिल २००३ मध्ये आपल्या लोकसभेने त्या युद्धाची निंदा केली आणि जुलैमध्ये भारत सरकारने इराकमध्ये सैन्य पाठविण्यास नकार दिला. लोकमत जागे होते, म्हणून येथील जवान त्या खोट्या दाव्यापायी मरायला गेले नाहीत. ते जागे ठेवणे हे चळवळीचे काम आहे.