रस्ता कुठे थांबतो?



बाई म्हणाल्या, "तिकडचं काहीतरी सांग." म्हणून सिएटलजवळच्या माउंट बेकर-स्नोक्वाल्मी राष्ट्रीय वनाबद्दल बोलते.

राष्ट्रीय वन म्हणजे सगळंच अस्पर्श जंगल नव्हे. तिथे रस्ते आहेत, लाकूडतोडही होते. पण 1964च्या वाइल्डरनेस कायद्याखाली त्याचे काही भाग राखून ठेवलेत. तिथे मोटार नाही, सायकल नाही, ड्रोनसुद्धा उडवायचा नाही. वाटेवर झाड आडवं पडलं तर वनखात्याची माणसंही सहसा दोघांनी दोन टोकं धरून हातानेच करवत ओढतात. दिवसभर ऑटोमेशन करणाऱ्या मला याचं फार अप्रूप! चाकाच्या खुर्चीला मात्र कायद्याने मुभा आहे.

पण दगडधोंड्यांवरून ती जाणार कशी? माझ्या सासूबाईंचे गुडघे गेलेत. त्यांच्यासाठी राज्यमार्ग 542 आहे. ग्लेशियर गावापासून वर 24 मैल निसर्गदर्शन मार्ग म्हणून जाहीर झालेला. पिक्चर लेकच्या पाण्यात त्यांनी माउंट शुक्सन पाहिला, गाडीपासून जेमतेम चार पावलांवर. मार्गाचं टोक म्हणजे आर्टिस्ट पॉइंट. तिथवरचा रस्ता बर्फामुळे साधारण जुलै ते ऑक्टोबर एवढाच उघडा.

आपल्याकडे गडांवर रस्ता न्यावा का, रोपवे असावा का, यावरून वाद होतात. मी रस्त्याच्या विरोधात नाही. सासूबाईंमुळे होऊच शकत नाही. पण तो कुठे थांबणार, हे आधी कायद्यात लिहिलेलं हवं. आर्टिस्ट पॉइंटपासून थोडं चाललं की माउंट बेकर वाइल्डरनेस लागतं. सासूबाई थर्मासमधला चहा घेत वाहनतळावर बसल्या आणि मी पुढे गेले.