कंबरदुखी आणि शस्त्रक्रियेची घाई

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आम्ही काही वैद्य नव्हे. मॅट्रिक होऊन शाळामास्तरकीत जन्म घालविला, एवढीच आमची विद्या. तथापि कंबरदुखीशी सात वर्षे संसार केल्यामुळे, आणि मणक्याच्या शस्त्रक्रियेकरिता मंडळाच्या वैद्यकीय साहाय्य निधीकडे येणारे अर्ज वाचावयास मिळाल्यामुळे, चार शब्द बोलण्याचे धाडस करीत आहोत.

तीन महिन्यांहून अधिक टिकते ती जुनाट कंबरदुखी. आमची तशीच होती. एम.आर.आय. काढला, त्यात कमरेच्या चौथ्या व पाचव्या मणक्यांमधील गादी फुगलेली दिसली, आणि एका शल्यचिकित्सकांनी आठवड्याच्या आत शस्त्रक्रियेचा दिवस ठरवा, असे फर्माविले. चिरंजीव भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढावयास निघाले. इकडे त्या चित्राचे भय आमच्या मनात असे बसले की, खाली पडलेली पेन्सिल उचलण्यासही आम्ही नातवाला हाक मारू लागलो. पट्टा बांधून फळीवर पडून राहणे हाच दिनक्रम झाला.

पुढे एका स्नेह्यांच्या आग्रहावरून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी चित्र बाजूस ठेवून आधी आम्हांस तपासले. टाचांवर चालविले, चवड्यांवर चालविले, निजवून सरळ पाय वर उचलून पाहिला, गुडघ्यावर व टाचेमागे लहानशा हातोडीने ठोकून पाहिले. पायांतील शक्ती शाबूत आहे, मग घाई कसली, असे ते म्हणाले. ज्यांची कंबर मुळीच दुखत नाही अशा साठीतल्या माणसांचे एम.आर.आय. काढले, तरी शंभरांत सुमारे ६९ जणांची गादी फुगलेली आढळते, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात दिसून आले आहे. केस पिकतात, तशी गादीही झिजते!

त्यांनी पट्टा सोडावयास लावला आणि चालावयास सांगितले. आरंभी दहा मिनिटे, मग हळूहळू अर्धा तास. जोडीला उताणे निजून, गुडघे दुमडून कंबर उचलण्यासारखे साधे व्यायाम. पहिले पंधरा दिवस दुखणे वाढल्यासारखे वाटले. प्रत्येक कळ म्हणजे इजा नव्हे, हे उमगण्यास आमच्यासारख्या मास्तरालाही वेळ लागला. चार महिन्यांनी रात्रीची झोप परत आली. अजूनही मधून मधून कंबर धरते, हे प्रांजळपणे सांगतो. परंतु आता आम्ही तिला भीत नाही. ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांवर केलेला प्रयोग २०२४ साली प्रसिद्ध झाला. मार्गदर्शनाखाली चालणाऱ्यांचे दुखणे साधारणतः २०८ दिवसांनी उलटले, इतरांचे ११२ दिवसांनीच. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ च्या मार्गदर्शनात व्यायामास स्थान दिले असून, नित्य उपचार म्हणून पट्टा बांधणे व वजने लावून कंबर ताणणे यांस नकार दिला आहे. फळीचे म्हणाल, तर स्पेनमधील २००३ च्या प्रयोगात अगदी कठीण गादीपेक्षा मध्यम कठीण गादीच अधिक सुखावह ठरली. तेल चोळून बरे वाटत असेल, तर खुशाल चोळावे.

येथे भगिनींसमोर एक कबुली देणे प्राप्त आहे. आम्ही पलंगावर पडून कण्हत असता आमचे कुटुंब वाकून केर काढीत होते, घागरी उचलीत होते. त्यांचीही कंबर वर्षभर दुखत होती, हे आम्हांस डॉक्टरांनी विचारले तेव्हा कळले! पुरुषाची कंबर दुखली तर घर गोळा होते, आणि बाईची दुखली तर वय झाले म्हणतात. हल्ली आम्ही दोघे पहाटे बरोबर चालावयास निघतो आणि पाणी आम्ही भरतो.

आमची कार्यकारिणीस सूचना आहे की, केवळ वेदनेसाठी शस्त्रक्रिया सुचविली असेल, तर निधीच्या अर्जासोबत दुसऱ्या डॉक्टरांचे मत आणि तीन महिन्यांच्या व्यायामाची नोंद मागावी. मात्र ज्याचे लघवी-शौचावरील नियंत्रण सुटले, जांघेतील बैठकीची जागा बधिर झाली, किंवा पाऊल उचलेनासे झाले, त्यास ही अट लावू नये. त्यास त्याच रात्री रुग्णालयात न्यावे. अर्ज मागाहून भरता येईल. ताप, वजन घटणे, पूर्वीचा कर्करोग किंवा पडझड यांसह कंबर दुखत असेल, तर तपासणीही लांबवू नये.